भांडीं धुण्याच्या यंत्राची जननी : जोसेफिन कॉक्रेन

थोरांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि सहसा रणांगणाकडे, राजसभेकडे किंवा प्रयोगशाळेकडे जाते. स्वयंपाकघरामागच्या मोरीकडे ती क्वचितच वळते. वस्तुतः मनुष्यजातीच्या श्रमाचा केवढा तरी वांटा त्या मोरींतच खर्ची पडला आहे. पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा कोणत्याहि गांवीं परसांतल्या विहिरीजवळ नारळाच्या काथ्यानें व चुलींतल्या राखेनें भांडीं घासणाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या दिसत आल्या. माशाचा वास जावा म्हणून तेंच भांडें दोनदां घासणें, पितळेस चिंच अथवा आमसूल लावणें, कल्हई उडाली म्हणजे कल्हईवाल्याची वाट पाहणें, हा त्यांचा नित्यक्रम होता. ह्या श्रमांची नोंद कोणत्याहि बखरींत नाहीं. ज्या एका स्त्रीनें ह्या कामाकडे शोधकाच्या दृष्टीनें पाहिलें व तें यंत्राकडून करवून दाखविलें, तिचें चरित्र म्हणूनच आपणां सर्वांस जाणून घेण्याजोगें आहे.

जोसेफिनबाईंचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो संस्थानांत, ॲशटाब्युला परगण्यांत, ता. ८ मार्च १८३९ रोजीं झाला. त्यांचें माहेरचें आडनांव गॅरिस. वडील जॉन गॅरिस हे इंजिनियर होते. आईच्या घराण्याचा संबंध वाफेच्या बोटीचा एक आद्य प्रवर्तक जो जॉन फिच त्याच्याशीं पोहोंचतो असें सांगतात. तेव्हां पाणी, वाफ आणि चाकें ह्यांच्या गोष्टी ह्या मुलीच्या कानावर लहानपणापासून पडल्या असाव्या. तथापि यंत्रशास्त्राचें रीतसर शिक्षण त्यांना मिळालें नाहीं. त्या काळीं मुलींस तें देण्याची कोणास गरजहि वाटत नसे. बालपणाचा कांहीं काळ इंडियाना संस्थानांतील व्हाल्परायझो येथें घालवून पुढें त्या इलिनॉय संस्थानांतील शेल्बीव्हिल ह्या गांवीं आल्या.

तेथें इ. स. १८५८ मध्यें, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, विल्यम कॉक्रन नांवाच्या गृहस्थाशीं त्यांचा विवाह झाला. हे गृहस्थ कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या शोधांत जाऊन आलेले, पुढें कापडाच्या व्यापारांत स्थिर झालेले व स्थानिक राजकारणांत वजन असलेले असे होते. बाईंनीं पतीचें आडनांव घेतलें, पण त्याच्या शेवटीं एक अक्षर वाढवून त्या आपलें नांव कॉक्रेन असें लिहूं लागल्या. हा तपशील लहान आहे. परंतु दुसऱ्याकडून मिळालेली वस्तु जशीच्या तशी न ठेवतां आपल्या मनाप्रमाणें सुधारून घेण्याचा त्यांचा स्वभाव त्यांतहि दिसतो.

संसार सुखवस्तु होता. घर मोठें, पाहुण्यांची ये-जा सतत, आणि मेजावर मांडण्यास वाडवडिलांपासून चालत आलेलीं चिनी मातीचीं सुंदर भांडीं. जेवणें आटोपल्यावर नोकरमाणसें तीं धुवीत, आणि दुसरे दिवशीं पाहावें तों एखाद्या बशीची कड उडालेली, एखाद्या पेल्याचा कान गेलेला. बाईंनीं तीं भांडीं नोकरांच्या हातीं देणें बंद केलें व स्वतः धुण्यास आरंभ केला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. नोकरांवर रागावून स्वस्थ बसणाऱ्या मालकिणी जगांत पुष्कळ झाल्या. बाई स्वतः त्या साबणाच्या पाण्यांत हात घालून उभ्या राहिल्या, तेव्हां त्यांस कळून आलें कीं, दोष केवळ हातांचा नाहीं. पाणी कढत, बशी निसरडी, काम कंटाळवाणें आणि घाई मोठी. अशा स्थितींत कोणाच्याहि हातून भांडें फुटावयाचेंच. हें काम करण्याची रीतच चुकीची आहे, हा विचार त्यांच्या मनांत तेथेंच रुजला.

भांडीं धुण्याचें यंत्र करण्याची कल्पना अगदींच नवी होती असें नव्हे. इ. स. १८५० मध्यें जोएल हॉटन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें लांकडी यंत्राचें पेटंट घेतलें होतें. हातानें चाक फिरवावें व भांड्यांवर पाणी उडवावें, एवढीच त्याची करामत होती, व त्यानें भांडीं धड स्वच्छ होत नसत. त्यानंतरहि दुसऱ्यांचे प्रयत्न झाले. परंतु घरांत किंवा खाणावळींत टिकेल असें यंत्र कांहीं निघालें नाहीं. 

जोसेफिनबाईंनीं प्रश्नाला दुसऱ्या टोंकानें हात घातला. त्यांनीं आधीं भांड्यांचीं मापें घेतलीं. मोठी बशी केवढी, लहान बशी केवढी, पेला केवढा, ह्याप्रमाणें तारांचे कप्पे वळवून प्रत्येक भांड्याला त्याची अशी ठराविक जागा करून दिली. भांडें जागचें हालूं नये, एकावर एक आपटूं नये आणि त्याच्या सर्व बाजूंस पाणी पोहोंचावें, हा त्यांतील हेतु. हे कप्पे एका आडव्या चाकांत बसविले, तें चाक तांब्याच्या एका मोठ्या टाकीत ठेविलें, आणि चाक फिरत असतां खालून साबणाच्या गरम पाण्याचे जोरदार फवारे भांड्यांवर सोडण्याची योजना केली. घासणारा हात व घासणारा कुंचला हे दोन्ही त्यांनीं काढून टाकले. घासण्याचें काम पाण्याचा जोर, पाण्याची उष्णता व साबण ह्या तिघांनीं मिळून करावें, हें त्यांच्या शोधाचें मर्म होय.

हा विचार मनांत घोळत असतांच त्यांच्यावर आपत्ति कोसळली. इ. स. १८८३ मध्यें पतीचें निधन झालें. वय चव्वेचाळीस. मोठ्या घराच्या थाटामागें पतीनें कर्जाचा डोंगर ठेविला होता व हातीं रोकड फारच थोडी होती. जी गोष्ट तोंवर एका सधन गृहिणीची हौस होती, ती एका रात्रींत विधवेच्या पोटापाण्याचा प्रश्न झाली. अशा प्रसंगीं घर विकून आप्तांच्या आश्रयास जाणें हाच मार्ग जनरीतीला धरून होता. बाईंनीं तो पत्करला नाहीं. घरामागील लहानशा छपरांत त्यांनीं आपली कर्मशाळा मांडली व जॉर्ज बटर्स नांवाच्या कुशल कारागिराच्या साहाय्यानें यंत्र उभें करण्यास लागल्या.

ह्या कामीं त्यांस सर्वांत मोठी अडचण आली ती धातूची नव्हे, तर माणसांची. ज्या यांत्रिकांकडे त्या काम देत ते त्यांचा आराखडा ऐकून घेत व करीत मात्र आपल्याच मनाप्रमाणें. जिला यंत्रशाळेचें शिक्षण नाहीं अशा बाईनें आपणांस शिकवावें हें त्यांस रुचत नसे. त्यांची रीत फसली व पैसा वायां गेला, म्हणजे मग बाईंच्या सांगण्याप्रमाणें काम होई. हा खर्च कर्जबाजारी विधवेला सोसावा लागला हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या चिकाटीची खरी किंमत कळते. अखेर ता. २८ डिसेंबर १८८६ रोजीं त्यांच्या यंत्रास अमेरिकन सरकारचें पेटंट मिळालें. त्याचा क्रमांक ३५५१३९.

इ. स. १८८६ हें साल आपल्या महाराष्ट्रालाहि स्मरणीय आहे. कल्याणास जन्मलेल्या व पतीच्या नोकरीनिमित्त कांहीं काळ अलिबागेस राहिलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांनीं त्याच सालच्या मार्च महिन्यांत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी संपादन केली, व त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाईंनीं पुढें १८८९ सालीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठींत ग्रंथ लिहून तेथील स्त्रियांच्या उद्योगाची ओळख आपल्या लोकांस करून दिली. जोसेफिनबाईंशीं ह्या दोघींची ओळख असल्याचें दिसत नाहीं. तथापि एकाच वर्षीं एक स्त्री वैद्यकाच्या दालनांत व दुसरी यंत्रविद्येच्या दालनांत शिरली, आणि दोघींनाहि दारांत तोच प्रश्न विचारला गेला : हें बायकांचें काम आहे काय?

पेटंट मिळालें म्हणून पैसा मिळत नाहीं. यंत्र विकावयाचें कोणाला? बाईंनीं तें गृहिणींसाठीं योजिलें होतें; परंतु त्याची किंमत व आकार पाहतां तें प्रथम मोठमोठ्या हॉटेलांच्या उपयोगाचें ठरलें. शिकागो शहरांतील पामर हाउस हें त्यांचें पहिलें मोठें गिऱ्हाईक. त्यानंतर शर्मन हाउस नांवाच्या हॉटेलांत त्या एकट्या गेल्या. सभ्य घरच्या स्त्रीनें पति किंवा पिता बरोबर नसतां अशा ठिकाणच्या दिवाणखान्यांतून चालत जाणें त्या काळीं अप्रशस्त समजत. तेवढी जागा ओलांडतांना आपला जीव गळून जातो कीं काय असें त्यांस झालें होतें, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. परंतु त्या पलीकडे पोहोंचल्या, आणि मागणी घेऊनच बाहेर पडल्या. भांडवल देण्यास कांहीं लोक तयार होते. त्यांची अट एवढीच कीं, बाईंनीं कारभार सोडून तो पुरुषांच्या हातीं द्यावा. ती अट त्यांनीं मान्य केली नाहीं, व आपल्या माहेरच्या आणि सासरच्या नांवांनीं काढलेली गॅरिस-कॉक्रन कंपनी मिळेल त्या उत्पन्नावर चालविली.

इ. स. १८९३ मध्यें शिकागो येथें जें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें, त्याच्या निमित्तानें झालेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें भाषण गाजलें हें आपणांस ठाऊक आहे. त्याच प्रदर्शनांत, लोकांच्या नजरेआड, उपाहारगृहांच्या मागील बाजूस बाईंचीं नऊ यंत्रें रोज भांड्यांचे ढीग धूत होतीं. परीक्षकांनीं उत्तम रचना, टिकाऊपणा व कामास योग्य असणें ह्या गुणांबद्दल त्यांच्या यंत्रास पारितोषिक दिलें. त्यानंतर हॉटेलांबरोबर इस्पितळें व महाविद्यालयेंहि गिऱ्हाइकें झालीं. कारण हाताला सोसणार नाहीं इतक्या कढत पाण्यानें धुतलेलें भांडें अधिक निर्जंतुक होतें, हा लाभ तेथें विशेष महत्त्वाचा होता. १८९८ च्या सुमारास बाईंनीं स्वतःचा कारखाना काढला व त्याची व्यवस्था त्यांच्या छपरांतील जुन्या सोबत्याकडे, म्हणजे बटर्सकडेच, सोंपविली.

एवढें यश आलें तरी एक शल्य राहिलेंच. जिच्यासाठीं हें यंत्र निघालें ती गृहिणी अजून मोरीशींच उभी होती. घरगुती यंत्रें फारशीं खपत ना. ह्याचें कारण शोधूं गेल्यास तें यंत्रांत सांपडत नाहीं, पाण्यांत सांपडतें. एक तर पुष्कळ घरांतून एका वेळीं लागेल इतकें गरम पाणी तापविण्याची सोयच नव्हती. दुसरें असें कीं, अनेक गांवांचें पाणी जड होतें. पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असले म्हणजे त्यास जड पाणी म्हणतात. अशा पाण्यांत साबणाचा फेस होत नाहीं. क्षार व साबण मिळून एक चिकट साका बनतो व तो भांड्यांवरच बसतो. यंत्र निर्दोष, साबण निर्दोष, आणि तरी बशी पांढुरकी! हॉटेलवाल्यांना बाष्पपात्रें ठेवणें परवडत असे; गरीब गृहिणीला तें शक्य नव्हतें. शिवाय आपलें काम यंत्राला द्यावें हें कांहीं गृहिणींच्या मनासहि पटेना.

बाई मात्र थांबल्या नाहींत. यंत्रांत नवनवीन सुधारणा करीत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षींहि त्या न्यूयॉर्कला जाऊन नव्या हॉटेलांस यंत्रें विकीत होत्या. ता. ३ ऑगस्ट १९१३ रोजीं शिकागो येथें त्यांचें देहावसान झालें व शेल्बीव्हिल येथें त्यांस मूठमाती देण्यांत आली. घरोघर आपलें यंत्र गेलेलें पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९२६ सालीं त्यांची कंपनी होबार्ट नांवाच्या मोठ्या कंपनीनें विकत घेतली, व १९४९ सालीं किचनएड ह्या नांवानें घरगुती डिशवॉशर बाजारांत आला. तोंवर घराघरांत गरम पाणी आलें होतें, जड पाण्यांतहि चालणारीं नवीं शोधक द्रव्यें निघालीं होतीं. आणि जें यंत्र पन्नास वर्षें दाराशीं खोळंबलें होतें तें आंत आलें. २००६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मालिकेंत बाईंचें नांव नोंदविण्यांत आलें.

आपल्याकडे हें यंत्र फार उशिरां आलें. २०२० सालीं साथीच्या टाळेबंदींत कामवाल्या बाया घरीं येऊं शकेनात, तेव्हां मुंबई-पुण्याच्या अनेक कुटुंबांनीं तें प्रथम घेतलें, आणि किनाऱ्यावरील घरांतहि तें दिसूं लागलें. त्याबरोबर तक्रारीहि आल्या. गंमत अशी कीं, ह्या तक्रारी बहुधा त्याच आहेत, ज्यांनीं बाईंचें यंत्र पन्नास वर्षें अडवून धरलें होतें. म्हणून चरित्राबरोबर यंत्राच्या निगेचा विचार येथेंच करणें अप्रस्तुत होणार नाहीं. जिनें प्रत्येक भांड्याचें माप घेतलें तिचें स्मरण करण्याची हीच योग्य रीत होय.

प्रथम पाणी. समुद्रालगतच्या ज्या विहिरींत खारें पाणी शिरतें तिचें पाणी क्षारांमुळें जडहि होतें. यंत्रांत पाण्याचा जडपणा काढणारी एक पेटी असते. तिच्यांतील राळेचे बारीक मणी चुन्याचे क्षार धरून ठेवतात, व मिठाच्या द्रावणानें ते मणी पुन्हां ताजे होतात. यास्तव त्या पेटींत मीठ संपूं देऊं नये. पेण-उरणकडील मिठागरांचें मीठ आपणांस स्वस्त व सुलभ, पण तें येथें घालूं नये. त्यांत मॅग्नेशियमचे क्षार व माती असते, व जें काढावयाचें तेंच आपण आंत घातल्यासारखें होतें. जेवणाच्या बारीक मिठांतहि तें मोकळें राहावें म्हणून इतर द्रव्यें घातलेलीं असतात. ह्या यंत्रासाठीं मिळणारें शुद्ध, जाड मीठच वापरावें. आणि हेंहि ओळखून असावें कीं, ही पेटी पाण्याचा जडपणा घालविते, खारेपणा घालवीत नाहीं. जिभेला खारट लागणारें पाणी पोलादासहि डाग पाडतें. तसें पाणी यंत्रास न देणें हाच उपाय.

पेल्यांवर पांढुरका पडदा आला तर एका पेल्यास व्हिनेगार लावून पाहावें. पडदा गेला तर तो क्षारांचा. मीठ भरावें व पाण्याच्या जडपणाप्रमाणें यंत्राची खूण लावून घ्यावी. न गेला तर कांचच झिजली आहे असें समजावें. तिला उपाय नाहीं.

दुसरी गोष्ट फवाऱ्यांची. बाईंच्या यंत्रांत भांडीं फिरत. आजच्या यंत्रांत भांडीं स्थिर असतात व भोंकें पाडलेल्या दांड्या पाण्याच्याच जोरानें फिरतात. तत्त्व तेंच. भांडीं स्वच्छ निघेनाशीं झालीं म्हणजे आधीं हातानें ती दांडी फिरवून पाहावी. एखादा उभा ठेवलेला डाव किंवा उलथणें तिला अडवीत असतें. ती मोकळी असेल तर काढून तिचीं भोंकें दिव्यापुढें धरून पाहावीं. भाताचें शीत, मोहरी किंवा माशाचा बारीक कांटा त्यांत अडकलेला असतो, तो टांचणीनें काढावा. भांडीं एकावर एक रचूं नयेत. ज्या बशीला पाणी दिसत नाहीं ती बशी धुतली जात नाहीं. ह्यासाठींच तर बाईंनीं तारांचे कप्पे केले होते.

तिसरी गोष्ट गाळणीची. यंत्राच्या तळाशीं गाळणी असते, व घरांत सर्वांत विसरली जाणारी वस्तु तीच. भांडीं आंत ठेवण्यापूर्वीं खरकटें, कांटे, शेंगांचीं सालें हीं काढून टाकावीं. स्वच्छ धुवून ठेवण्याची मात्र जरूरी नाहीं. गाळणी आठवड्यांतून एकदां तरी, आणि मासळी करणाऱ्या घरांत त्याहून अधिक वेळां, काढून मऊ कुंचल्यानें धुवावी. यंत्रास वास येतो तो बहुधा गाळणीचा, नाहीं तर दाराच्या रबरी पट्टीच्या घडींत साचलेल्या चिकट्याचा. पट्टी ओल्या फडक्यानें पुसावी, काम झाल्यावर दार थोडें उघडें ठेवावें, आणि मधून मधून रिकामें यंत्र सायट्रिक ॲसिड घालून गरम पाण्यानें चालवावें. त्याबरोबर ब्लीचिंगची कोणतीहि वस्तु कदापि घालूं नये. त्यांच्या संयोगानें विषारी वायु निघतो.

यंत्रांत पाणीच भरत नसेल तर नळाची तोटी, नळीचा वांक व नळीच्या तोंडाशीं असलेली बारीक जाळी हीं पाहावीं. विहिरीच्या पाण्याबरोबर आलेली रेती तेथें अडते. छपरावरची टाकी फार खालीं असल्यासहि पाण्याचा जोर पुरत नाहीं. काम संपल्यावर तळाशीं पाणी तुंबून राहत असेल तर विजेचा प्लग काढावा, पाणी उपसावें, गाळणी काढून तिच्याखालीं कांचेचा तुकडा किंवा बी अडकली आहे काय तें पाहावें, व सांडपाण्याची नळी कोठें दबली आहे काय तें तपासावें. गाळणीखालीं थोडें पाणी नेहमींच असतें. तो दोष नव्हे. आंत फेसच फेस दिसला तर कोणी तरी हातानें भांडीं घासण्याचा साबण घातला असें समजावें. फेसानें पंपाचा जोर मरतो. ह्या यंत्रास त्याचेंच बिनफेसाचें डिटर्जंट लागतें. ह्यापुढचा, म्हणजे विजेच्या तारांचा व पंपाचा दोष असेल तर तेथें हात न घालतां जाणत्या कारागिरास बोलवावें. जमिनीशीं जोडलेल्या तिसऱ्या तारेवांचून हें यंत्र कधींहि चालवूं नये.

ता. ३ जून १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे २०२० च्या त्याच तारखेस निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलें व कित्येक गांवें पुष्कळ दिवस विजेवांचून राहिलीं. अशा वेळीं, किंवा घर महिनोन्‌महिने बंद ठेवावयाचें असतां, पाण्याची तोटी बंद करून, प्लग काढून, गाळणी वाळवून जावें. परत येऊन पाहतां यंत्र जसेंच्या तसें मिळतें.

ह्या यंत्रासहि मर्यादा आहेत. कल्हईचीं पातेलीं, पितळेचीं व तांब्याचीं भांडीं, ॲल्युमिनियमच्या कढया, बिडाचे तवे आणि लांकडी परात हीं त्यांत घालूं नयेत. कांहीं काळीं पडतात, कांहीं गंजतात, कांहीं चिरतात. आजींच्या काळच्या त्या भांड्यांना अद्याप काथ्या व आमसूलच हवें. यंत्र आलें म्हणून हाताचें काम संपलें असें नाहीं. त्याचा भार तेवढा हलका झाला.

शुभवर्तमानांत बेथानी गांवच्या मार्थेची कथा आहे. घरीं आलेल्या प्रभूची सरबराई करण्याच्या गडबडींत ती बिचारी त्रासून गेली, आणि तिची बहीण मरिया त्याच्या चरणांशीं बसून ऐकत राहिली. ती कथा आपण अनेकदां ऐकतों. परंतु मार्थेलाहि क्षणभर बसण्यास अवकाश मिळावा, ह्यासाठीं काय करतां येईल असा विचार करणारे थोडेच. जोसेफिनबाईंनीं तो केला. ज्या कामाला लोक क्षुद्र म्हणतात तें त्यांनीं स्वतः करून पाहिलें, त्याचें माप घेतलें, आणि विपत्तीच्या काळांत तें तडीस नेलें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरीं हें यंत्र असो वा नसो, मोरीशीं बसलेलीं माणसें आहेत. त्यांच्या कामाकडे आज घरीं जाऊन एकदां नीट पाहावें. काम बिघडलें असतां आधीं माणसाला बोल लावण्याची आपली संवय आहे. बाईंनीं ती सोडली, हात पाण्यांत घातले व दोष कोठें आहे तें शोधलें. फुटलेल्या बशीचें खापर दुसऱ्याच्या माथीं न फोडण्याचा हा गुण कोणालाहि घेतां येण्यासारखा आहे. तो आपणांत यावा, एवढीच प्रार्थना करून हें अल्प चरित्र पुरें करतों.